मरवंडीचं दार

मी फिजिक्स शिकवते. अकरावी-बारावीला, तंजावूरच्या एका शाळेत, सोळा वर्षं झाली. हे आधी सांगते, कारण या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि बहुतेक वेळा माझं मत एकच असतं — झोप अपुरी, नाहीतर पित्त. भूत, करणी, झपाटणं... मी यातलं काही मानलं नाही. आजसुद्धा मानते असं नाही. पण गेल्या विजयादशमीला जे झालं ते मी आणि आणखी तीन माणसांनी अकराच्या सुमाराला, भर दिवसा बघितलंय. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही, म्हणून लिहितेय.

भाषेबद्दल एक. आम्ही तंजावूरचे मराठी. राजवाड्यामागच्या गल्लीत घर. बोलतो मराठी, पण त्यात निम्मं तमिळ. देवनागरी वाचायला मी तिशीत शिकले, स्वतःची स्वतः. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, तेव्हा शिकायची सवय आहे. चुका असतील तर चालवून घ्या.

घरात आम्ही तिघं — अप्पा, अम्मा आणि मी. अप्पा अठ्ठ्याहत्तरचे. चौतीस वर्षं त्यांनी पापनाशमच्या अलीकडच्या एका गावात मिरासदारांकडे ड्रायव्हर म्हणून काम केलं. मिरासदार म्हणजे मोठे जमीनदार, तमिळ घराणं. त्यांच्याकडे एक गाडी होती, तशी मी दुसरी कुठे बघितली नाही. अमेरिकन स्टेशन वॅगन, दुसरं महायुद्ध संपल्यावर लगेचची. पुढचं तोंड लोखंडी, पण मागचं सगळं अंग लाकडाचं — दारं लाकडाची, चौकटी लाकडाच्या. स्टिअरिंग डाव्या हाताला. कुठल्याशा चहाच्या मळ्यावरच्या गोऱ्या साहेबाकडून मिरासदारांच्या वडिलांनी घेतलेली. गावात तिला सगळे ‘मरवंडी’ म्हणायचे. मरम म्हणजे लाकूड, वंडी म्हणजे गाडी.

लाकडाची गाडी सांभाळणं म्हणजे काय ते मी लहानपणापासून बघितलंय. अप्पा दर महिन्याला जवसाचं तेल लावायचे, वर्षातून एकदा व्हार्निश. पावसाचे दिवस आले की दारं फुगून अडकायची. मग सुका साबण घेऊन चारी दारांच्या कडांवर घासत बसायचे. घरी आले की अंगाला तेलाचा आणि साबणाचा वास. अम्मा म्हणायची, “बायकोला एवढं चोळून आंघोळ घातली असती तर मीही टिकले असते.”

मिरासदारांची मुलगी माझ्याच वयाची. तिला सगळी नोकरमाणसं ‘चिन्नम्मा’ म्हणायची, धाकट्या बाईसाहेब. अप्पा तिला रोज शाळेत सोडायचे, साडेतीनला आणायला जायचे. सुट्टीत कधी कधी मीही पुढे अप्पांच्या शेजारी बसायचे. चिन्नम्मा मागे एकटी. तिला गाडी थांबवायची असली की बोटातल्या अंगठीने दाराच्या लाकडावर दोनदा ठोकायची. टक, टक. आणि म्हणायची, “रायरे, थांबव.” तिकडे मराठी माणसाला रायर म्हणतात. अप्पा मागे वळूनसुद्धा बघायचे नाहीत. गाडी बाजूला घ्यायचे, उतरायचे, फिरून मागे जायचे आणि दार उघडून उभे राहायचे. मला तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. नंतर वाटायला लागलं. बी.एस्सी.ला गेल्यावर मी गाडीत बसणं बंद केलं.

अकरा वर्षांपूर्वी, मिरासदारांच्या मागे राहिलेल्या चिन्नम्माच्या आई, मोठ्या बाई, वारल्या, चिन्नम्मा परदेशी होती ती तिकडचीच झाली, घर बंद पडलं. मरवंडी शेडमध्ये गेली. टायर कुजले म्हणून विटांच्या थरांवर चढवली. शेडचं छप्पर गळायचं, लाकूड पाणी पीत राहिलं. चारी दारं फुगून चौकटीत अशी बसली की जणू ती दारं नाहीतच, भिंत आहे. हे ऐकीव नाही. दोन वर्षांपूर्वी चेन्नैहून एक जुन्या गाड्यांचा शौकीन माणूस बघायला आला होता. किल्ली आमच्याकडे, म्हणून मला बोलावलं. किल्ली फिरली, कुलूप उघडलं, पण दार केसभर हललं नाही. दोन माणसांनी ओढलं. तो म्हणाला, तोडूनच काढावं लागेल, आणि तोडलं तर मग घेऊ कशाला? गेला निघून. मी कुलूप परत लावलं आणि किल्ली घरी आणली.

अप्पांना चार वर्षांपासून विसरायला होतं. आधी नावं, मग वर्षं. रोज साडेतीनला उठायचे, शर्ट घालायचे, खांद्यावर टॉवेल टाकायचे. “चिन्नम्माची शाळा सुटेल.” अम्मा म्हणायची, “आज सुट्टी आहे.” “हो का?” म्हणून बसायचे. आमच्या घरात चार वर्षं रोज सुट्टी होती.

आता विजयादशमी.

आदल्या दिवशी आमच्याकडे सरस्वतीपूजा आणि आयुधपूजा एकत्र होते. ज्याचं जे हत्यार ते देवापुढे ठेवायचं. माझी पुस्तकं, अम्माची विळी. चंदन-कुंकू लावायचं, चुरमुरे-डाळ्यांचा नैवेद्य. ठेवलेल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा हलवली की प्रत्येकाने आपली वस्तू उचलून थोडी तरी वापरायची. मी पुस्तकाचं एक पान वाचते, अम्मा विळीवर काहीतरी चिरते. गाडी असली तर एक फेरी मारायची. ठेवलं ते चालवायलाच हवं, असा नियम.

मरवंडी बंद पडल्यापासून अम्माने तिची किल्ली पूजेत ठेवली नव्हती. मुद्दाम. मला ते माहीत होतं. पण गेल्या वर्षी अप्पा देवापुढे बसून सारखे काहीतरी शोधत होते, फुलं उचलून खाली बघत होते. मला बघवलं नाही. मी कपाटातून किल्ली आणली आणि पुस्तकांच्या शेजारी ठेवली.

“नको गं मंजू,” अम्मा म्हणाली. “ठेवलं की उद्या चालवावं लागतं.”

“अम्मा, किल्ली आहे ती. लोखंडाचा तुकडा.”

“तू शिकलेली. मी काय बोलणार!”

अप्पांनी किल्लीला स्वतः चंदन लावलं. खूप दिवसांनी हात थरथरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला अम्माने त्यांना इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं. अप्पांना शुगर आहे. इंजेक्शननंतर अर्ध्या तासात खावं लागतं, म्हणून इडल्या वाफेवर होत्या. तेवढ्यात पूजा हलवली. मी पान वाचलं. अम्माने काकडी चिरली. अप्पांनी किल्ली उचलली आणि माझ्याकडे बघितलं.

“गाडी कुठाय?”

“शेडमध्ये,” मी म्हणाले. हसतच म्हणाले. “जा, एक फेरी मारून या.”

आणि मी आंघोळीला गेले. मी बाहेर आले तेव्हा अम्मा ताट घेऊन हॉलमध्ये उभी होती आणि अप्पांच्या चपला नव्हत्या.

गल्ली, देऊळ, राजवाड्याचं पुढचं पटांगण, जुना बस स्टँड — सगळं शोधलं. शेजारी दोन मोटरसायकलींवरून फिरले. अम्मा दारात बसून एकच म्हणत होती, “खाल्लं नाही त्यांनी... इंजेक्शन घेतलंय आणि खाल्लं नाही.” मला आकडेमोड येते. इंजेक्शन साडेसहाला. शुगर उतरत जाणार. मग घाम, मग गुंगी, मग कोमा. मी बारावीच्या मुलांना ग्राफ काढायला शिकवते. हा ग्राफ माझ्या डोक्यात आपोआप निघत होता.

दहा वाजता फोन आला. मुरुगेसनचा. मिरासदारांची नारळाची बाग आणि बंद घर तोच सांभाळतो.

“टीचरम्मा, रायर इथे आहेत.”

“कुठे?”

“गाडीत.”

“कुठल्या गाडीत?”

“मरवंडीत बसलेत. आत. तुम्ही दार उघडून दिलं का त्यांना? कसं उघडलं?”

“मी तंजावूरात आहे, मुरुगेसन. त्यांना बाहेर काढ आणि साखर दे.”

“तेच तर... दार उघडत नाही.”

त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, दाराला हात लावायच्या आधी काढलेला. तो अजून माझ्याकडे आहे. काचेच्या आत अप्पा, पांढरा शर्ट, दोन्ही हात स्टिअरिंगवर. बाहेर दाराच्या मुठीवर धुळीचा थर. आणि दार-चौकटीच्या फटीवर, वरपासून खालपर्यंत, कोळ्याचं जाळं. अख्खं.

तिथपर्यंत ते बसने गेले असणार आणि पुढे चालत. ते मी समजू शकते. पाय वाट विसरत नाहीत. त्यानंतरचं मला समजत नाही.

मी स्कूटीवरून गेले. ग्लुकोजचं पाकीट कमरेला खोचलेलं. कालव्याच्या रस्त्याने सव्वीस किलोमीटर. त्या रस्त्यातलं मला एवढंच आठवतं की दोन्ही बाजूंना भात उभा होता आणि मला काहीच वाटत नव्हतं. भीतीसुद्धा नाही. जणू दुसऱ्याच कुणाचं काम घेऊन चालले होते.

शेडमध्ये मुरुगेसन आणि नारळ उतरवणारे दोन गडी होते. पत्र्याचं छप्पर, ऊन तापलेलं. मी सवयीने उजव्या बाजूला धावले. मग आठवलं, स्टिअरिंग डावीकडे. अप्पांचा शर्ट घामाने भिजून पाठीला चिकटला होता. डोळे उघडे, पण मान हळूहळू पुढे झुकायची, मग झटक्याने वर यायची.

“अप्पा! दार उघडा. मी मंजू.”

बघितलं नाही. समोर बघत होते. समोर शेडची भिंत होती.

“अहो अप्पा, इकडे बघा ना! मी आलेय.”

नाही.

“सगळी दारं ओढून बघितली,” एक गडी म्हणाला. “मूठ हातात येईल, दार नाही येणार.”

मी पहार उचलली. मुरुगेसन म्हणाला, “टीचरम्मा, चिन्नम्मांना विचारल्याशिवाय...”

“विचारलंस?”

“फोन लागत नाही.”

“मग झालं.”

मी काचेवर पहार उगारली. अप्पांनी ती बघितली. मला नाही, पहारीला. आणि काचेला गाल लावला. मी धावत दुसऱ्या बाजूला गेले, तर ते सीटवरून सरकून तिकडे आले, तिकडच्या काचेला तोंड लावलं. मी समोर गेले, तर त्यांनी समोरच्या काचेवर दोन्ही तळवे पसरले. गाडीवर ओरखडा येऊ नये म्हणून चौतीस वर्षं जे केलं तेच करत होते. मी मारणार कुठे?

मागच्या काचा कधीच फुटल्या होत्या, तिथे पत्रे ठोकलेले. मुरुगेसन म्हणाला, “पत्रा उचकटू.” गडी कामाला लागले. खिळे जुने, गंजलेले, एकेक काढायला वेळ लागत होता. पत्रा अर्धा सैल झाला होता. अजून दहा मिनिटं लागली असती, कदाचित आठ. ती दहा मिनिटं मी नंतर फार वेळा मोजली आहेत.

अप्पा परत स्टिअरिंगमागे जाऊन बसले. या वेळी मान झुकली ती वर आली नाही.

मी काय केलं ते ठरवून केलं असं नाही. माझ्या हातात अंगठी नसते. मी स्कूटीची किल्ली घेतली आणि मागच्या दाराच्या लाकडावर दोनदा ठोकलं. टक, टक. आणि तमिळमध्ये, चिन्नम्माच्या आवाजात — तो आवाज माझ्यात इतका तयार आहे हे मला माहीत नव्हतं — म्हणाले,

“रायरे! थांबव. दार उघड.”

अप्पांची मान वर आली.

त्यांनी हँडब्रेक ओढला. टॉवेलने हात पुसले. मग आपल्या बाजूचं दार उघडलं. जोर लावला नाही, खांदा दिला नाही. रोज उघडावं तसं उघडलं. बिजागरीचा आवाजसुद्धा झाला नाही. जाळं फाटलं ते मी तेव्हा माझ्या डोळ्यांनी बघितलं. ते उतरले, गाडीला वळसा घालून माझ्यापर्यंत आले, मागच्या दाराची मूठ धरली आणि एका हाताने तेही उघडलं. दार धरून उभे राहिले, नजर खाली.

“उतरा, चिन्नम्मा.”

मी बाहेरच उभी होते. पण ते थांबले होते. म्हणून मी उघड्या दारापासून एक पाऊल मागे आले, उतरल्यासारखी. त्यांनी दार लावलं. मग खाली बसले आणि कलंडले.

मुरुगेसनने पटकन अप्पांचं डोकं धरलं. मी ग्लुकोज त्यांच्या हिरड्यांना चोळलं, मग पाण्यातून थेंब थेंब. वीस मिनिटांनी डोळे उघडले. पापनाशमला दवाखान्यात नेलं, सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, “अगदी वेळेवर आणलंत.” संध्याकाळी घरी.

नंतर तीन दिवसांनी मी परत गेले. टॉर्च, मोजपट्टी, पहार घेऊन. पुढचं डावं दार मुरुगेसनने त्याच दिवशी कोंबड्या शिरतात म्हणून लोटलं होतं. ते उघडलं नाही. मागचंही नाही. आम्ही तिघांनी ओढलं. लाकूड उन्हाने आकसतं हे मला शिकवायची गरज नाही, पण आदला आठवडाभर पाऊस होता आणि शेडमध्ये ओल होती. आणि आकसून उघडलं म्हटलं, तरी अप्पा आत गेले तेव्हा जाळं का फाटलं नाही? मुठीवरची धूळ का पुसली गेली नाही? स्टाफरूममध्ये फोटो दाखवला. केमिस्ट्रीचे सर म्हणाले, कोळी दोन तासांत नवं जाळं विणतो. विणत असेल. धूळ कोण विणतं?

मुरुगेसन म्हणतो गाडीने त्यांना आत घेतलं. अम्मा म्हणते, पूजेत ठेवलेली वस्तू आपलं काम करून घेते. मला दोन्ही पटत नाही आणि माझ्याकडे तिसरं काही नाही.

पण खरं सांगू? दाराचा विचार मी आता फारसा करत नाही.

अप्पा घरी आले त्या रात्रीपासून त्यांना अम्मा ओळखू येते. शेजारची माणसंही ओळखू येतात. मुरुगेसन भेटायला आला तर त्याच्या नातवाची चौकशी केली. मी सोडून सगळी. मी खोलीत आले की ते उठून उभे राहतात. टॉवेल खांद्यावरून काढून काखेत धरतात. अम्मा म्हणते, “अहो, मंजू आहे, बसा!” ते तिला डोळ्यांनी गप्प करतात. मालकांसमोर असं बोलू नये.

मी खूप दिवस प्रयत्न केला. “अप्पा, मी मंजू.” लहानपणच्या गोष्टी सांगितल्या, फोटो दाखवले. ते आदराने ऐकून घेतात. डॉक्टर म्हणतात, हा आजार असाच असतो, आज ना उद्या हे होणारच होतं. असेल. पण त्या सकाळी किल्ली उचलून त्यांनी माझ्याकडेच बघून विचारलं होतं, गाडी कुठाय.

साडेतीनला आता ते उठत नाहीत. कशाला उठतील? चिन्नम्मा घरीच असते.

एकदा मी पेपर तपासत होते. ते कोपऱ्यात उभे होते. बराच वेळ घुटमळले, मग तमिळमध्ये म्हणाले, “चिन्नम्मा, एक सांगू? माझी मुलगी बी.एस्सी. झाली. फिजिक्स.”

“हो का?” मी म्हणाले. “छान झालं, रायरे.”

ते इतके खूश झाले की त्यांना काय करावं कळेना.

मला रडू आलं नाही. येत नाही. कुणी म्हणेल, जीव वाचला ना? वाचला. मी रोज तेच स्वतःला सांगते, आणि ते खरंही आहे.

दार कसं उघडलं, ते आत कसे गेले, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी वाचेन.

शाळा सुटल्यावर मी हल्ली मागच्या बोळातून येते आणि स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरते. पुढच्या खोलीत अप्पांची खुर्ची आहे. या वेळी त्यांचा डोळा लागलेला असतो. तेवढंच त्यांना उठावं लागत नाही.